घर-दुरुस्तीची नोंद वहीत ठेवावी की मोबाईलमध्ये? दोन्हीकडे, पण कामं वाटून

बोअरची मोटार बंद पडली की मिस्त्री आधी विचारतो, 'किती फुटांवर सोडलीय? पाईप किती?' बऱ्याच घरांत याचं उत्तर कुणाकडेच नसतं. ज्यानं मोटार सोडली तो मिस्त्री दुसऱ्या गावाला गेलेला असतो. बिल सापडलंच तर अक्षरं उडालेली असतात. मग वॉरंटीत होणाऱ्या कामालाही खिशातून पैसे जातात.

बिल कोरं का होतं?
दुकानातल्या छोट्या मशिनमधून निघणारं गुळगुळीत बिल शाईनं छापलेलं नसतं. त्या कागदावर उष्णतेनं अक्षरं उमटतात. ऊन, उष्णता किंवा प्लॅस्टिकचं पाकीट लागलं की ती फिकी पडतात. म्हणून बिल हातात पडलं त्याच दिवशी फोटो काढावा किंवा झेरॉक्स करावी.

मोबाईलचा फायदा कुठे?
भिंतीला प्लास्टर होण्याआधी नळाचे पाईप आणि वायरिंगच्या नळ्यांचे फोटो घ्यावेत. शेजारी टेप धरली तर माप कळतं. पुढं खिळा ठोकताना किंवा गळती शोधताना अख्खी भिंत फोडावी लागत नाही. हे काम वहीला जमत नाही.

पण फोटो नुसते व्हॉट्सॲपवर ठेवू नयेत. मोबाईल हरवला आणि बॅकअप नसेल तर सगळं जातं. गुगल खात्यात 15 जीबी जागा फुकट मिळते, तिथं 'घर' नावाचं फोल्डर करावं. पासवर्ड घरातल्या आणखी एकाला माहीत असावा. डिजिलॉकरमध्येही कागद चढवता येतो. मात्र खात्यानं थेट दिलेल्या दाखल्याचा दर्जा आपण चढवलेल्या फोटोला मिळत नाही. त्यामुळे मूळ बिल आणि वॉरंटी कार्ड फेकू नये.

वही कशाला?
वहीला चार्जिंग लागत नाही, रेंज लागत नाही आणि ती घरातल्या आजीलाही उघडता येते. तिची भीती वाळवी, उंदीर आणि गळक्या छपराची. पत्र्याच्या पेटीत, जमिनीपासून उंच ठेवावी.

वहीत एवढं तरी लिहावं:
- बोअरची खोली, केसिंग किती फूट, मोटार किती फुटांवर, किती एचपीची, पाईप किती
- वीज मीटरचा 12 आकडी ग्राहक क्रमांक
- टाकी धुतल्याची, छपराला वॉटरप्रूफिंग केल्याची तारीख
- काम कोणी केलं, त्याचा नंबर, किती पैसे दिले
- घरपट्टी भरल्याची तारीख आणि पावती क्रमांक

भांडण झालं तर?
ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांत ग्राहक आयोगाकडे जाता येतं. तिथं तोंडी सांगण्यापेक्षा तारखेचं बिल जास्त कामाला येतं. रोख पैसे दिले तरी पक्कं बिल मागून घ्यावं.

थोडक्यात, बिलं आणि झाकलं जाणारं काम फोटोत, आकडे आणि तारखा वहीत. पुढच्या वेळी मोटार वर काढाल तेव्हा मिस्त्री पाईप मोजतच असतो, तेवढ्यात आकडा लिहून घ्या.