कमी खर्चात गॅरेजमधलं गोल्फ : आधी माप, मग खरेदी



आमच्या गॅरेजमध्ये गोल्फ सिम्युलेटर बसवलाय हे कळल्यापासून नातेवाइकांचे आणि ओळखीच्यांचे फोन येतात. प्रश्न दोनच. किती खर्च आला? आणि आमच्याकडे होईल का? पहिल्याचं उत्तर सोपं आहे : सगळं मिळून ६४० पौंड. दुसऱ्याचं उत्तर तुमच्या गॅरेजच्या छतावर अवलंबून आहे, आणि ते फोनवर सांगता येत नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्टिक खरी, चेंडू खरा, पण चेंडू दोन-अडीच मीटरवर जाळ्यात अडकतो. जवळ ठेवलेलं एक छोटं यंत्र चेंडूचा वेग, कोन आणि दिशा टिपतं आणि मोकळ्या मैदानात तो कुठे पडला असता ते टीव्हीवर दाखवतं. या यंत्राला लाँच मॉनिटर म्हणतात. पूर्वी ही यंत्रं हजारो पौंडांची असायची. आता घरगुती वापराची चांगली यंत्रं नवीन ५०० पौंडांच्या आसपास मिळतात, जुनी त्याहून स्वस्त.

आम्ही हे केलं ते पप्पांसाठी. वय ७८. अठरा होल खेळायचे म्हणजे सहा-सात किलोमीटर चाल, ती आता गुडघ्यांना झेपत नाही. शिवाय इथला हिवाळा. डिसेंबरात लंडनला सूर्य चारच्या आधीच मावळतो. शब्बाथ पाळायचा म्हणजे शुक्रवारची दुपार आणि शनिवार गेला, आणि बऱ्याच क्लबांच्या स्पर्धा नेमक्या शनिवारी. आपल्या पूर्वजांनी कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवला, लोकांनी त्यांना शनवार तेली म्हटलं. पप्पांनी शनिवारची गोल्फ बंद ठेवली. उरला रविवार, आणि तो पावसाचा. खेळ सुटला तसं त्यांचं बोलणंही कमी झालं होतं.

या देशात गोल्फ आणि ज्यू यांचं नातं तसंही सरळ नव्हतं. अनेक क्लब ज्यूंना सभासद करून घेत नसत, म्हणून ज्यूंनी स्वतःचे क्लब काढले. लीड्सचा मूर अ‍ॅलर्टन १९२३ सालचा. १९५७ मध्ये लंडनच्या फिंचली गोल्फ क्लबमध्ये ज्यूंना प्रवेश नाकारला जातो यावरून मोठा गदारोळ झाला, तो तिथल्या राजकारणापर्यंत पोचला. आज तसं नाही, पण सभासदत्वाची वार्षिक फी पाहिली की दार अजूनही जडच वाटतं. गॅरेजचं दार आपलं असतं.

आता कामाचं बोलू.

उंची. सगळ्यात आधी हे. ड्रायव्हर म्हणजे सर्वांत लांब स्टिक, मोकळेपणी फिरवायला साधारण पावणेतीन मीटर छत लागतं. इथल्या बहुतेक गॅरेजांचं छत त्याहून खाली असतं. आमचं २.४ मीटर आहे, म्हणून ड्रायव्हर बाद. सात नंबरचं आयर्न आणि त्याहून आखूड स्टिक्स व्यवस्थित चालतात. आकड्यांवर विसंबू नका, करून पाहा. जी चटई वापरणार तेवढ्या जाडीचं काहीतरी पायाखाली घ्या, कारण तेही तीन-चार सेंटिमीटर खातं. मग स्टिक अगदी हळू फिरवा आणि घरातल्या कुणाला तरी बाजूने बघायला सांगा. तुळई, दिवा आणि दाराचा रूळ यांच्यापासून किमान एक वीत अंतर राहिलं पाहिजे. जोरात मारताना हात आणखी वर जातो. वर उघडणारं दार उघडं असलं की त्याचा पत्रा छताखाली आडवा येतो, तेव्हा माप दार बंद करूनच घ्या आणि खेळाही तसंच.

लांबी. इथे यंत्राची निवड ठरते. स्वस्त यंत्रांचे दोन प्रकार. एक रडारवालं, उदाहरणार्थ गार्मिनचं आर-टेन. पोलिसांच्या स्पीड गनचं जे तत्त्व तेच याचं. ते चेंडूच्या मागे सुमारे दोन मीटरवर ठेवायचं, आणि चेंडूला पुढे निदान अडीच मीटर उडू द्यायचं, नाहीतर त्याला मोजायला काही मिळतच नाही. जाळ्यामागे अर्धा मीटर धरा. झाले पाच मीटर, म्हणजे एका गाडीच्या गॅरेजची जवळजवळ पूर्ण लांबी. दुसरा प्रकार कॅमेऱ्याचा. तो चेंडूच्या शेजारी बसतो, मागे फक्त स्टिक फिरण्यापुरती जागा लागते. गॅरेज आखूड असेल तर हाच घ्या. डीप फ्रीझर, तांदळाची पोती आणि रिकाम्या सूटकेसेस हलणार नसतील, तर त्यांची जागा वजा करून मगच मोजा.

जाळं. पैसे वाचवायची ही जागा नाही. गोल्फचा चेंडू सुमारे ४६ ग्रॅमचा, पण दगडासारखा टणक. गल्ली क्रिकेटचा रबरी बॉल काच फोडतो, हा कवटी फोडेल. जाळं ताणून बांधू नका. सैल असलं की चेंडू खाली गळतो, ताठ असलं की परत येतो. मागे जुनं जाड कार्पेट किंवा गोधडी लटकवा. जाळ्याच्या लोखंडी चौकटीला पाण्याच्या पाइपवर घालतात तो करडा फोम चढवा, दोन-चार पौंडांत काम होतं. खेळणाऱ्याशिवाय कुणी चेंडूच्या पुढे उभं राहायचं नाही, हा नियम नातवंडांना पहिल्या दिवशीच सांगा.

चटई. काँक्रीटवर पातळ चटई टाकून महिनाभर खेळलात तर कोपर आणि मनगट बोलायला लागतील. वयस्कर माणसासाठी हा खर्च जाळ्याइतकाच महत्त्वाचा. खाली रबरी फरशी घातली तर आणखी बरं.

पडदा. प्रोजेक्टर आणि मारा सोसणारा पडदा घेतला की बजेट सहज दुप्पट होतं. आम्ही घरातला जुना टीव्ही बाजूच्या भिंतीवर, चेंडूच्या वाटेबाहेर लावला. टॅब्लेट घरात होताच. खऱ्या मैदानांची चित्रं हवी असतील तर अ‍ॅपची वर्गणी लागते, आमची महिन्याला दहा पौंडांच्या आसपास आहे. ती एकदाच्या खर्चात धरलेली नाही.

आमचा हिशेब असा : जुनं रडार यंत्र ३३०, जाळं १४०, चटई १३०, फोम, दोऱ्या, हुक वगैरे ४०.

वीज आणि ओल. गॅरेजला नवीन सर्किट ओढायचं असेल तर नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनच बोलवा. दोन किलोवॉटचा हीटर तासाला दोन युनिट खातो, म्हणून खेळायच्या आधी दहा मिनिटं लावा, दिवसभर नको. यंत्र आणि टॅब्लेट खेळ संपला की घरात आणा. रात्रभर ओलाव्यात ठेवू नका.

कागदपत्रं आणि शेजारी. नवीन वसाहतींत काही वेळा गॅरेज गाडीसाठीच ठेवायचं अशी अट असते. घराची कागदपत्रं बघा, भाड्याचं घर असेल तर मालकाला विचारा, विमा कंपनीला कळवा. भिंत सामायिक असेल तर जाळं त्या भिंतीवर येऊ देऊ नका. धप्प आवाज पलीकडे जातो. आम्ही रात्री आठनंतर खेळत नाही.

एक गोष्ट समजून घ्या. सिम्युलेटर सगळं शिकवत नाही. चटईवर स्टिक चेंडूच्या मागे आपटली तरी घसरून चेंडूला लागते आणि फटका चांगला दिसतो. गवतावर तीच स्टिक मातीत रुतते. वारा, उतार, वाळू इथे नाहीत. स्वस्त रडारला एवढ्याशा अंतरात चेंडूची फिरकीही नीट कळत नाही, म्हणून वळणाच्या आकड्यांवर फार भरवसा ठेवू नका. कधीतरी टॉपट्रेसर असलेल्या ड्रायव्हिंग रेंजवर जाऊन अंतरं ताडून बघा.

तेव्हा क्रम असा ठेवा : आधी माप, मग जाळं आणि चटई, मग यंत्र. जाळं आणि चटई आणून पंधरा दिवस नुसतं खेळा. घरातलं माणूस खरंच रोज गॅरेजमध्ये जातंय असं दिसलं, तरच यंत्रावर पैसे घाला. आमचे पप्पा आता संध्याकाळी अर्धा तास खेळतात, मध्ये खुर्चीवर बसतात आणि माझ्या मुलीचे फटके मोजतात. तिला ते एकेक गोष्ट समजावून सांगतात, मराठीतून.