द्रुतगती मार्गावरच्या रोजच्या प्रवासासाठी जुनी छोटी मोटार

मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाल्यापासून तळेगाव, लोणावळा, खोपोली आणि पनवेल या पट्ट्यात घर एका टोकाला आणि नोकरी दुसऱ्या टोकाला असणे शक्य झाले, आणि रोज किंवा आठवड्यातून दोन-तीनदा या मार्गाने ये-जा करणारा एक नोकरदार वर्ग हळूहळू तयार झाला. या मार्गावर दुचाकीला प्रवेश नसल्यामुळे, ज्यांना रेल्वेच्या वेळा जुळत नाहीत आणि नवी गाडी परवडत नाही, अशा कुटुंबांची नजर साहजिकच जुन्या छोट्या मोटारीकडे वळते. परंतु अशी गाडी पाहायला गेल्यावर आपल्याकडे प्रथम जे विचारले जाते, म्हणजे अ‍ॅव्हरेज किती, रनिंग किती आणि मालक कितवा, ते प्रश्न गावातल्या वापरातून आलेले आहेत. तासभर शंभरच्या वेगाने धावणाऱ्या गाडीची पारख निराळ्या निकषांवर करावी लागते, आणि त्यांत गाडी कोणत्या वर्षी व कोणत्या नियमांखाली बनली हा निकष सर्वांत वर ठेवला पाहिजे.

या निकषाचे कारण २०१९ या वर्षात आहे. चाके जागच्या जागी जखडून गाडी घसरू नये यासाठी ब्रेकचा दाब क्षणाक्षणाला कमी-जास्त करणारी ‘एबीएस’ ही यंत्रणा एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली. त्याच वर्षी १ जुलैपासून चालकासाठी एअरबॅग, सीटबेल्टची आठवण देणारी सूचना आणि ताशी ८० किलोमीटर ओलांडताच वाजणारी घंटी यांची सक्ती आली, तर ऑक्टोबरपासून समोरून आणि बाजूने होणाऱ्या धडकेच्या चाचण्यांत उतरल्याशिवाय आधीपासून बाजारात असलेली मॉडेलेही विकता येईनाशी झाली. त्यापूर्वी यांतील बहुतेक गोष्टी महागड्या प्रकारांपुरत्या असत, आणि जुन्या बाजारात आज स्वस्तात मिळणाऱ्या गाड्यांमध्ये नेमके तेव्हाचे स्वस्त प्रकार मोठ्या संख्येने आहेत. म्हणून २०१७ ची चकचकीत, कमी चाललेली गाडी आणि २०१९ च्या अखेरीस बनलेली, थोडी अधिक चाललेली गाडी यांत निवड करायची असेल तर द्रुतगती मार्गासाठी दुसरीच घ्यावी. मात्र नोंदणीचे वर्ष पाहून थांबू नये, कारण गोदामात पडून राहिलेली गाडी उशिरा नोंदवली गेलेली असू शकते. नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजे आरसीवर, उत्पादनाचा महिना आणि वर्ष स्वतंत्रपणे दिलेले असते आणि नियम लागू होतो तो त्या तारखेनुसार.

नियमांनी किमान पातळी ठरते. त्यापुढची मजबुती गाडीगणिक बदलते. ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेने २०१४ मध्ये भारतीय छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवून पाहिल्या, तेव्हा अल्टो ८०० आणि नॅनो यांच्यासारख्या खपाच्या गाड्यांना प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेत एकही तारा मिळाला नाही. पुढे २०१८ मध्ये स्विफ्टला दोन, तर २०२० मध्ये टियागोला चार आणि अल्ट्रोझला पाच तारे मिळाले. हे आकडे वाचताना चाचणीचे वर्षही पाहावे लागते, कारण २०२२ च्या मध्यापासून या चाचण्यांचे निकष कडक झाले आणि आधीचे तारे व नंतरचे तारे एका मापाचे राहिले नाहीत. तरीही एकाच काळातील दोन गाड्यांची तुलना करायला सामान्य ग्राहकाच्या हातात याहून चांगले साधन नाही, आणि दर वेळी पुढे-मागे अवजड ट्रक असणाऱ्या रस्त्यावर ते न वापरणे हे धाडसच म्हणावे लागेल.

इंजिनाचा विचार यानंतर येतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी ८० वरून १०० वर जाताना वेग सव्वापट होतो, पण हवा गाडीला दीडपटीहून अधिक जोराने मागे रेटते. म्हणूनच जाहिरातीतले अ‍ॅव्हरेज या वेगाला लागू पडत नाही. अल्टो ८०० चे ७९६ सीसीचे, म्हणजे सर्व सिलिंडर मिळून तेवढे घनसेंटिमीटर आकारमान असलेले इंजिन सुमारे ४७ अश्वशक्ती देते, तर स्विफ्ट, टियागो किंवा जॅझ यांच्या बाराशे सीसीच्या आसपासच्या पेट्रोल इंजिनांतून ८० ते ९० अश्वशक्ती मिळते. लहान इंजिन शंभरचा वेग गाठू शकत नाही असे नाही, पण तेथे पोचल्यावर त्याच्याजवळ फारसे काही शिल्लक उरत नाही, आणि ओव्हरटेक करताना पिकअप कमी पडला तर गाडी ट्रकच्या शेजारी नको तितका वेळ रेंगाळते. या मार्गावर मोटारींची वेगमर्यादा सपाटीवर १०० आणि बोरघाटात ६० असल्याने याहून मोठ्या इंजिनाची गरज नाही. बाराशे सीसी हा मध्यम मार्ग पुरेसा आहे. सीएनजीमुळे इंधनखर्च उतरतो हे खरे, पण चढावर गाडी मंद खेचते आणि सामानाची जागाही जाते. तशी गाडी घेतलीच तर किटची नोंद आरसीवर आहे का आणि टाकीची दर तीन वर्षांनी करायची दाबचाचणी झाली आहे का, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

मीटरवरच्या आकड्याला आपल्याकडे फाजील महत्त्व दिले जाते. तो आकडा मागे फिरवता येतो हा एक भाग झाला, पण तो खरा असला तरी सगळे सांगत नाही, कारण वरच्या गिअरमध्ये एका लयीत चाललेल्या गाडीचा क्लच, गिअरबॉक्स आणि ब्रेक गावातल्या सिग्नलवर झिजलेल्या गाडीपेक्षा चांगले राहिलेले असतात. वेळेवर सर्व्हिसिंग झालेली, ८० हजार किलोमीटर चाललेली गाडी मीटरवर ३० हजार दाखवणाऱ्या आणि सर्व्हिसिंगचा एकही कागद नसलेल्या गाडीपेक्षा अधिक भरवशाची असते. पॅडलवरचे रबर गुळगुळीत आणि स्टिअरिंगची कड झिजून चकाकलेली असूनही मीटर कमी दाखवत असेल, तर विक्रेत्याच्या शब्दाऐवजी त्या रबरावर विश्वास ठेवावा.

टायर मात्र स्वतः वाकून पाहावेत. टायरच्या बाजूच्या भिंतीवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या मजकुराच्या शेवटी चार अंक लंबगोलात कोरलेले असतात; ‘२३१९’ असे अंक असतील तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला, असा त्याचा अर्थ. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की खाचांच्या तळाशी असलेल्या आडवे उंचवटे पृष्ठभागाशी समपातळीत येतात आणि टायर बाद समजला जातो. पण नक्षी भरपूर असूनही रबर म्हातारे होते, कडेला बारीक तडे जातात, आणि उन्हात तापलेल्या काँक्रीटवर हवा कमी असलेला असा टायर वेगात फुटण्याचा धोका मोठा असतो. विक्रीपूर्वी जुन्या टायरना काळी पॉलिश लावून नवे रूप देण्याची पद्धत आहे, म्हणून अंक वाचणे हाच उपाय. सहा-सात वर्षांचे टायर दिसले तर चारही नवे घेण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी सुरू करावीत.

गाडी पाहायची तर सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी, म्हणजे सुरू करतानाचा निळसर धूर लपत नाही. तो ऑइल जळत असल्याची खूण आहे. कूलंटच्या टाकीत रंगीत द्रवाऐवजी गंजकट पाणी असेल तर ती गाडी बोरघाटाच्या चढावर तापण्याची शक्यता धरावी. उतारावर कसोटी ब्रेकची असते: ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषते आणि जुने झाल्यावर कमी तापमानाला उकळू लागते, तेव्हा दाबलेले पॅडल खाली जाते पण ब्रेक लागत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, कारण पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीची धुलाई होते तरी पट्ट्याच्या आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहू शकते. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही क्षणांत विझला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल तर एअरबॅग एकदा उघडून गेली असून दिवाच काढून टाकलेला असण्याचा संशय घ्यावा. शेवटी मेकॅनिकला सोबत घेऊन गाडी नव्वदच्या पुढे चालवून बघावी, कारण स्टिअरिंगची थरथर आणि एका बाजूला ओढ हे दोष गल्लीतल्या फेरीत उमगत नाहीत.

खर्चाचा हिशेब करताना टोल विसरला जातो. १ एप्रिल २०२३ पासून संपूर्ण मार्गावर मोटारीला एका खेपेस ३२० रुपये पडू लागले. महिन्यात २२ दिवस जा-ये केली तर ही रक्कम १४ हजारांच्या वर जाते. चाळीस हजार रुपये वाचवण्यासाठी एबीएस आणि एअरबॅग नसलेली जुनी गाडी घेतली, तर ती बचत जेमतेम तीन महिन्यांच्या टोलएवढी असते. एवढ्यासाठी जिवाचा सौदा करू नये.

कागदपत्रांत दिरंगाई दोन्ही पक्षांना भोवते. एकाच राज्यातील व्यवहारात विक्रेत्याने १४ दिवसांच्या आत नमुना २९ मध्ये हस्तांतराची माहिती आरटीओला द्यायची असते आणि नावबदलासाठी नमुना ३० लागतो. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ घेऊन बोजा उतरवावा लागतो. नाव बदलले नसेल तर अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकाकडूनच मागितली जाते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे, त्यामुळे गाडी विकणाऱ्यालाही यात घाई असली पाहिजे. विम्यापैकी त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचे संरक्षण कायद्यानेच नव्या मालकाकडे जाते, परंतु स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण मिळवायला १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो. आणि दावा न केल्याबद्दल मिळणारी हप्त्यातील सवलत, म्हणजे नो क्लेम बोनस, जुन्या मालकाकडेच राहत असल्याने विक्रेता दाखवतो त्या हप्त्यापेक्षा पहिला हप्ता अधिक येईल, हे गृहीत धरूनच खरेदीचे पैसे बाजूला काढावेत.