आकडा चुकला, मग सांगायचं कुणी?

२००७ सालच्या जूनमधली गोष्ट. नाशिकला रविवार कारंजावर पाऊस झोडपत होता आणि मी एका धर्मादाय संस्थेची पत्रकं छत्रीखाली सांभाळत घरोघर हिंडत होतो. ‘देशात ५७ लाख एचआयव्हीबाधित!’ हा मथळा माझाच. त्याचा मला कोण अभिमान! देणग्याही बऱ्या मिळाल्या.

६ जुलैला सरकारनं नवा अंदाज जाहीर केला : सुमारे २५ लाख! ५७ लाख हा संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक संस्थेचा २००६ मधला अंदाज. तो मुख्यतः सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या गरोदर स्त्रिया व गुप्तरोगाचे रुग्ण यांच्या तपासणीवरून बांधलेला. पुढं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घरोघरच्या लाखावर स्त्रीपुरुषांचं रक्त तपासलं गेलं, तपासणीची केंद्रंही वाढली, तेव्हा जुना आकडा फुगल्याचं कळलं. रोग निम्म्यावर आला नव्हता. मोजदाद सुधारली होती.

मी चिटणिसांकडे धावलो. ते हसले. “अहो, चांगल्या कामासाठी आकडा जरा फुगला तर बिघडलं कुठं? उरलेली पत्रकं काय गोदावरीत सोडायची?”

घरी सौ. मेथी निवडत होती. म्हणाली, “भाजीवाल्याचं माप एकदा खोटं निघालं, तर त्याची चांगली भाजी तरी आपण घेतो का हो?”

मला उत्तर सुचेना. १९५० च्या विश्वस्त कायद्यामुळे संस्थेला पैशाचा जमाखर्च तपासून घ्यावा लागतो. पण ज्या आकड्यावर तो पैसा गोळा होतो, तो कोण तपासणार? उद्या लोक म्हणतील, ‘उगाच भीती घातली!’ मग खरोखर आजारी असलेल्याला कोण विचारील?

मी पदरच्या पैशानं दुरुस्तीची चिठ्ठी छापली आणि पुन्हा तीच दारं ठोठावली. एकांनी तोंडावर दार लावलं. दुसऱ्या बाईंनी विचारलं, “म्हणजे आमचे पैसे वाया गेले?”

“नाही बाई,” मी म्हणालो, “पंचवीस लाख माणसं आहेतच.”

वाचकहो, या दिवाळीत मदतीचं पत्रक दारी आलं, तर दान जरूर द्या. मात्र एवढं विचारा : आकडा कुणी मोजला, कधी आणि कसा? आणि संस्थाचालकहो, चूक ज्या टायपात छापली, त्याच टायपात दुरुस्तीही छापा. चूक कुणाचीही होते. ती कळल्यावर गप्प बसणं हे मात्र आपलं कर्म.