छापखान्यातील हवा

विजयादशमीला आपण आपट्याची पाने 'सोने' म्हणून वाटतो. त्याच दिवशी म्हैसूरची जंबुसवारी राजवाड्यापासून निघून बन्नीमंटपास पोहोचते. कानडीत 'बन्नी' म्हणजे शमी. या बन्नीमंटप भागात तयार होणारी एक वस्तू आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. मतदानाच्या वेळी बोटाला लावतात ती न पुसणारी शाई! १९३७ साली स्थापन झालेला तेथील सरकारी रंग-कारखाना १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून ती पुरवीत आला आहे.

ही शाई बोटावर दिसते तरी. छपाईच्या शाईचा मात्र एक भाग डोळ्यांना कधीच दिसत नाही. तो छापणाऱ्याच्या श्वासावाटे आत जातो.

खंडेनवमीला एखाद्या छापखान्यात डोकावून पाहावे. यंत्रे पुसूनपासून लख्ख केलेली असतात, त्यांना झेंडूच्या माळा घातलेल्या असतात आणि हवाही स्वच्छ असते, कारण त्या दिवशी यंत्र बंद असते. ते सुरू झाले म्हणजे वेगाने फिरणाऱ्या रुळांवरून शाईचे सूक्ष्म तुषार उडू लागतात. एका कागदाची शाई दुसऱ्यास लागू नये म्हणून मारलेली पूड हवेत तरंगते. कागदाची धूळ तर असतेच. जंबुपार दिव्यांनी शाई वाळविणाऱ्या यंत्रांपाशी ओझोन निर्माण होतो. खिळे ओतण्याच्या काळी शिशाचे भय होते. ते ओसरले, पण रूळ व रबर पुसण्याची द्रवे राहिली आणि खरा धोका बहुधा त्यांच्या वाफेत असतो.

तो किती मोठा असू शकतो, हे २०१२ साली जपानमधील ओसाका येथे उघडकीस आले. एका लहान छापखान्यात रबर वारंवार डायक्लोरोप्रोपेन नावाच्या द्रवाने पुशीत असत. खोलीत हवा खेळती नव्हती. तेथील ऐन उमेदीच्या कामगारांना पित्तनलिकेचा कर्करोग जडला. एरवी हा विरळा आणि उतारवयातला रोग! आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ साली ते द्रव मानवास कर्करोगकारक ठरविले.

'वासाची सवय होते' असे छापखान्यातील माणसे सांगतात. सवय होते ती नाकाला. फुफ्फुसांना आणि यकृताला नव्हे. छताचा पंखा तीच हवा घुसळीत राहतो. तोंडाला बांधलेला रुमाल थोडीफार धूळ अडवील, वाफ नाही. वाफ जेथे उठते तेथूनच ती यंत्राने ओढून बाहेर टाकावी, हे तत्त्व आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमातही होते. परंतु विजेवर चालणारा, दहा वा अधिक कामगारांचा कारखानाच सामान्यतः त्याच्या कक्षेत येई. गल्लीतला चार माणसांचा छापखाना बाहेरच राही, आणि खिडक्या बंद असत त्या तेथेच. कारण वाऱ्याने कागद उडतात!

वाचकहो, आपल्या घरचे कोणी या व्यवसायात असेल, तर त्यांना दोन गोष्टी जरूर विचारा. रबर पुसण्याचे द्रव कशाचे आहे, आणि त्याच्या डब्यावर नाव लिहिले आहे काय? पुसून झालेल्या चिंध्या कोठे टाकता? उघड्या टोपलीतील चिंधी संध्याकाळपर्यंत वाफ सोडीत राहते. झाकणाचा पत्र्याचा डबा त्यासाठी पुरेसा आहे. कामावरचे कपडे घरी आल्यावर मुलांच्या कपड्यांत मिसळू नयेत, वेगळे धुवावेत. आणि हात रॉकेलने धुण्याची जुनी खोड असेल, तर साबणाची वडी आजच त्यांच्या डब्याच्या पिशवीत ठेवा.