दार, चौकट आणि भिंतीतले भोक
(बी. कॉम., भाग २)

दार म्हणजे काय, हा प्रश्न बालवाडीतला वाटण्याचा संभव आहे. पण घराचा नकाशा संगणकावर तयार करणाऱ्या माणसाला तो रोज सोडवावा लागतो. कागदावरच्या जुन्या नकाशात काम सोपे होते. भिंतीच्या दोन समांतर रेघा तोडायच्या, मधे एक तिरपी रेघ आणि पाव वर्तुळाचा कंस काढायचा, शेजारी 'डी १' असे लिहायचे, की झाले दार. १९८२ साली ऑटोकॅड बाजारात आले, तेव्हा पेन्सिलीच्या जागी संगणक आला इतकेच. कंस कंसच राहिला. त्या रेघेला आपण दार आहोत हे ठाऊक नव्हते.

पुढे जी सॉफ्टवेअरे आली त्यांत ही गोष्ट बदलली. बुडापेस्टच्या ग्राफिसॉफ्ट कंपनीचे आर्किकॅड, १९९८ पासूनचे आर्किटेक्चरल डेस्कटॉप (ज्याला पुढे ऑटोकॅड आर्किटेक्चर हे नाव मिळाले), २००० साली आलेले व २००२ साली ऑटोडेस्कने विकत घेतलेले रेव्हिट, आणि आपल्यासारख्यांना परवडणारे, म्हणजे फुकट मिळणारे, फ्रीकॅड (याची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये निघाली), या सर्वांत दार ही रेघ नसून वस्तू आहे. तिला रुंदी, उंची, जाडी आहे, ती कोणत्या भिंतीत बसली आहे हे तिला माहीत आहे, आणि भिंत सरकवली की तीही मुकाट्याने मागे जाते.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने या फंदात का पडावे, असे आमच्या प्राध्यापकांस वाटेल. माझा या विषयाशी संबंध आला तो हिशेबाच्या बाजूने. दारे-खिडक्यांचा तक्ता शेवटी येतो कारकुनाच्या टेबलावर, आणि त्यातला एकेक आकडा सुतार, गवंडी आणि गिलावा करणारा यांच्या पैशाशी बांधलेला असतो. तो आकडा कोठून येतो हे कळल्याशिवाय बिल तपासता येत नाही.

प्रथम भोकाचा विचार करू. संगणकाच्या दृष्टीने भिंत, भोक आणि दार या तीन वेगळ्या वस्तू आहेत. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात इमारत पाठवण्यासाठी आय.एफ.सी. नावाची जी आंतरराष्ट्रीय पद्धत आहे (२०१३ साली तिची चौथी आवृत्ती आय.एस.ओ. १६७३९ या क्रमांकाने मानक म्हणून प्रसिद्ध झाली), तिच्यात हे नाते स्पष्ट लिहिलेले आहे: भोक भिंतीला रिकामे करते, आणि दार त्या भोकाला भरते. म्हणजे जिथे काहीच नाही त्याचीही स्वतंत्र नोंद, लांबीरुंदीसकट! आम्हां जमाखर्चवाल्यांना यात नवल वाटू नये. वजाबाकीलाही वहीत जागा असतेच. फायदा असा की दार काढून टाकले तरी भोक ठेवता येते, आणि नुसतीच मोकळी कमान हवी असेल तर दाराची गरज लागत नाही.

आता भोकात चौकट आणि चौकटीत झडप. इथे मापे तीन होतात आणि गोंधळही इथेच होतो. उदाहरण घेऊ. भोक १००० मि.मी. रुंद व २१०० मि.मी. उंच आहे. चौकटीचे लाकूड १०० बाय ६५, त्यातली ६५ ची बाजू समोरून दिसणारी. दोन्ही बाजूंचे ६५ वजा केले की मोकळी वाट ८७० राहते. पण झडप ८७० ची नसते, कारण ती चौकटीच्या खाचेत बसते. खाच १५ खोल धरली तर दोन्हीकडच्या मिळून ३० वाढले, म्हणजे ९००; त्यातून झडप घासू नये म्हणून दोन्हीकडे ३ ची फट सोडली की झडप भरते ८९४. उंचीचेही तसेच: २१०० मधून वरचे ६५ गेले, २०३५ उरले, वरच्या खाचेचे १५ मिळाले, वरची फट ३ आणि खालची ५ गेली, झडप २०४२. तक्त्यात '१००० बाय २१००' असे नुसते लिहिले आणि सुताराने त्याच मापाच्या झडपा कापल्या, तर काय होईल ते सांगायला नको. उलट ८९४ चा आकडा गवंड्याच्या हाती पडला तर भिंतच चुकते. म्हणून चांगल्या नमुन्यात हे सर्व आकडे सूत्राने एकमेकांना बांधतात. भोकाची रुंदी बदलली की झडपेची रुंदी आपोआप बदलते. चौकटीचे लाकूड ६५ ऐवजी ७५ घेतले तरीही.

भारतीय मानकांतली नावे याच अडचणीतून वाट काढतात. '१० डी.एस. २१' म्हणजे शंभर मि.मी.चे दहा भाग रुंद व एकवीस भाग उंच असे, एका झडपेच्या दाराचे भोक. एस. च्या जागी टी. आले की दोन झडपा, डी. च्या जागी डब्ल्यू. आले की खिडकी. नाव भोकाचे आहे, झडपेचे नाही, एवढे ध्यानात ठेवले की पुरे.

परदेशी सॉफ्टवेअरबरोबर मिळणारी तयार दारे आपल्याकडे जशीच्या तशी चालत नाहीत त्याचे एक कारण बांधकामाच्या क्रमात आहे. अमेरिकेत लाकडी सांगाड्याच्या भिंतीत भोक आधी ठेवतात, मग चौकटीसकट झडप आणून त्यात बसवतात. सभोवती राहिलेली फट पाचरी मारून व पट्टी ठोकून झाकतात. आपल्याकडे लाकडी चौकट आधी ओळंब्यात उभी करून होल्डफास्ट मारून तिच्याभोवती वीटकाम चढवण्याची रीत आहे. तिथे भोक आणि चौकटीची बाहेरची कड यांत फटच नाही. ॲल्युमिनियमची खिडकी मात्र गिलावा झाल्यावर बसते, तिथे फट हवी. तेव्हा सॉफ्टवेअरमधील 'रफ ओपनिंग' या रकान्यात काय भरायचे हे दार कोण बसवणार, आणि केव्हा, यावर अवलंबून आहे.

प्रकार आणि नग हा दुसरा महत्त्वाचा भेद. रेव्हिटमध्ये 'डी १' हा प्रकार, आणि इमारतीत बसलेली डी १ ची चाळीस दारे हे नग. खतावणीतले खाते आणि रोजकीर्दीतली नोंद यांच्यासारखेच हे नाते आहे. रुंदी सामान्यतः प्रकाराकडे असते, खिडकीची जमिनीपासूनची उंची नगाकडे. प्रकाराची रुंदी बदलली की चाळीसही दारे एका क्षणात बदलतात. सोय मोठी आहे, पण हिशेबनीसाच्या अंगावर काटा आणणारी. आमच्याकडे जुनी नोंद खोडत नाहीत. दुरुस्तीची नवी नोंद करतात. इथे मागचे सगळे निमूटपणे बदलते आणि सुताराच्या खिशातला छापील तक्ता मात्र जुनाच राहतो. तक्त्यावर तारीख व आवृत्तीचा क्रमांक घालणे यासाठीच सक्तीचे मानावे. आणखी एक: रेव्हिटमध्ये दार आरशातल्यासारखे उलटवले तरी त्याचा प्रकार तोच राहतो, आणि तक्ता डावी व उजवी दारे एकत्रच मोजतो. बिजागऱ्या आणि कुलपे मागवणाऱ्याला हे आधी माहीत हवे.

सुटे दार सोपे. खरी गंमत येते दार, शेजारच्या काचा आणि वरचा झरोका मिळून जो एक संच होतो त्यात, म्हणजे दुकानाच्या किंवा बँकेच्या दर्शनी भागात. ऑटोकॅड आर्किटेक्चरमध्ये यासाठी दार-खिडकी संच अशी स्वतंत्र वस्तूच आहे. ती भिंतीत बसते दारासारखी, पण आतून असते चौकटीच्या जाळीसारखी. बाहेर चौकट, आत उभ्या-आडव्या विभागण्या, विभागण्यांच्या जागी मुलियन म्हणजे मधले दांडे, आणि प्रत्येक कप्प्यात भरण: कुठे काच, कुठे फळी, कुठे खिडकी, कुठे आख्खे दार. कप्प्यात पुन्हा जाळी घालता येते.

त्यात विभागण्यांचा क्रम महत्त्वाचा. प्रथम आडवी विभागणी केली तर २१०० उंचीवर एक सलग आडवा दांडा जातो, वरचा झरोका अखंड राहतो, आणि खालच्या पट्ट्याचे मग उभे तुकडे होतात. प्रथम उभी विभागणी केली तर उभे दांडे जमिनीपासून माथ्यापर्यंत सलग जातात आणि झरोक्याचेच तीन तुकडे पडतात. पडद्यावर दोन्ही चित्रे जवळजवळ सारखी दिसतात. फॅब्रिकेटरला मात्र कोणता दांडा अखंड कापायचा आणि कोणता तुकड्यांनी, हे यावरूनच ठरवावे लागते.

समजा, भोक २४०० रुंद आहे, बाहेरची चौकट व दोन मुलियन प्रत्येकी ५० चे. चौकटीचे १०० व मुलियनचे १०० गेले, २२०० उरले. दाराच्या कप्प्याला १००० पक्के दिले तर दोन्ही बाजूंच्या काचांना ६००-६०० मिळतात. प्रत्यक्ष जागेवर भोक २४३० निघाले. आता हे ३० कोणी घ्यायचे? दार पक्के असल्यास काचा ६१५-६१५ होतात आणि प्रश्न मिटतो. पण घाईत 'तीन समान कप्पे' असा नियम दिला असेल तर प्रत्येक कप्पा ७४३ चा होतो, दाराचाही! चाकांच्या खुर्चीला ९०० ची मोकळी वाट लागते. ती खुर्ची त्या बँकेत शिरणार नाही. पडद्यावर मात्र ते तीन समान भाग फार सुबक दिसतात. कप्प्याची रुंदी म्हणजेही मोकळी वाट नव्हे, कारण दाराला स्वतःची चौकट असेल तर ती कप्प्यातलीच जागा खाते. १००० घेतले ते यासाठी.

खिडकीच्या गजांचे सूत्र त्यामानाने चटकन सांगून होते. दोन गजांच्या मध्यांत १०० पेक्षा जास्त अंतर नको असे ठरवले, तर ८७० च्या मोकळ्या रुंदीत नऊ गाळे व आठ गज येतात. मोकळी रुंदी १०७० केली की अकरा गाळे, दहा गज. बारा मि.मी.चा गोल गज मीटरला सुमारे ०.८८८ किलो भरतो. तेव्हा आठ गज प्रत्येकी १.१५ मीटरचे धरले तर ८.१७ किलो लोखंड. हा आकडा तक्त्यातच काढून घेता येतो.

आता गिलाव्याकडे वळू, कारण इथे गरिबाच्या पोटाचा प्रश्न येतो. मोजमापाचे भारतीय मानक १२००, भाग १२, सांगते की ०.५ चौरस मीटरपर्यंतच्या भोकाची वजावट करू नये, ०.५ ते ३ चौरस मीटरपर्यंतच्या भोकाची, दोन्हीकडे सारखाच गिलावा असल्यास, एकाच बाजूची वजावट करावी, दुसरी बाजू भोकाच्या कडांच्या कामापोटी सोडावी. आणि ३ चौरस मीटरच्या वर दोन्ही बाजू वजा करून कडा वेगळ्या मोजाव्यात. आपले दार १ बाय २.१, म्हणजे २.१ चौरस मीटर. मधल्या गटात बसते. अशी बारा दारे असतील तर नियमाने वजा होणार २५.२ चौरस मीटर. सॉफ्टवेअरला हा नियम ठाऊक नाही. ते प्रामाणिकपणे भोकाच्या दोन्ही बाजू वजा करते, ५०.४. कडा मोजायच्या सांगितल्या तरी २३० च्या भिंतीत १०० ची चौकट एका अंगाला बसल्यावर १३० ची कड उरते. तीन बाजूंची लांबी ५.२ मीटर, म्हणजे दारामागे ०.६७६ आणि बाराचे मिळून ८.११ चौरस मीटर. ते जमेस धरूनही गिलावा करणाऱ्याचे १७ चौरस मीटर बुडतात.

आमच्या भागातल्या एका कामावर नेमके असे झाले. कार्यालयातून आलेला छापील कागद खरा, आणि मेस्त्रीची मापवही खोटी, असे ठरले. मेस्त्री कानडी बोलणारा, कागद इंग्रजीत. करारात १२०० क्रमांकाचे मानक लिहिलेले होते म्हणूनच पुढे रक्कम मिळाली. संगणकाने खोटे सांगितले नव्हते; त्याला वेगळाच प्रश्न विचारला गेला होता. भोकाचे क्षेत्रफळ आणि बिलातली वजावट हे दोन रकाने तक्त्यात वेगळे ठेवले तर हा वाद उद्भवत नाही, आणि ते ठेवायला दोन मिनिटे पुरतात.

राहता राहिला उंबरठा. तयार नमुन्यांतली बहुतेक दारे तीन बाजूंच्या चौकटीची असतात. आपल्या घराच्या दर्शनी दाराला उंबरठा हवा, गणेशपट्टी हवी. कानडीत त्यालाच होस्तिलु म्हणतात, आणि चौकट तर दोन्ही भाषांत जवळजवळ एकच, तिकडे चौकट्टु. फ्रीकॅडमध्ये हे दार करणे अवघड नाही. तिथे दार आणि खिडकी यांना एकच साधन आहे, खिडकीचे. सपाट रेखाटनात बाहेरचा बंद आयत आणि आतला बंद आयत काढायचा, त्या दोहोंमधला भाग 'चौकट' म्हणून सांगायचा. आतला आयत जमिनीपासून थोडा वर ठेवला की खालचे लाकूड म्हणजे उंबरठा झाला. झडपेसाठी तिसरा आयत, 'भरीव' म्हणून. कोणत्या कडेला बिजागरी ते ठरवले की 'उघड' या रकान्यात ० ते १०० टक्के घालून झडप फिरवता येते, आणि ती पलंगाला आपटते का ते दिसते. मापे फ्रीकॅडच्याच हिशेबपत्रकातल्या घरांना जोडावीत. उंबरठा जमिनीवर ४० आला तर मोकळी उंची २०३५ ऐवजी १९९५ होते. आता वर आणि खाली दोन्हीकडे खाच, म्हणून ३० वाढले, फटींचे ८ गेले, आणि झडप २०१७ ची झाली, पूर्वीपेक्षा २५ ने कमी. हा आकडा पत्रक आपोआप देते. बिजागऱ्या मात्र हाताने लिहाव्या लागतात, झडपेमागे तीन.