दीड तासाचं विमान

पहाटे ३.३०. आनंदवन चौकात एकही टपरी उघडलेली नाही. गाडीवाल्याने बॅगा मागे टाकल्या. लेकाकडे डोंबिवलीला निघालेल्या आजी मागून विचारतात, ‘‘विमान तं दीड तासाचं आहे न बाप्पा, मंग इतक्या राती कायले?’’ हा प्रश्न त्याला नेहमीचाच. ‘‘बसा आजी,’’ म्हणून तो चावी फिरवतो.

४.००. खांबाडा मागे पडतं. नागपूर शंभरेक किलोमीटर, रस्ता चांगला. पण अंधारात रोही आडवे येतात, कोळशाचे ट्रक असतात. तो दोन तास धरतो. जामला चहा.

५.४५. सोनेगावचा विमानतळ. विमान ७.१५ चं, काउंटर तासभर आधी बंद. आजी आत जातात. गाडीवाला सीट मागे टाकून आडवा होतो, कारण परतीचं भाडं याच विमानतळावर उतरणार आहे.

७.१५. नागपूर-मुंबई हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर. रेल्वेने तेच ८३७, कारण रूळ भुसावळवरून वळसा घेतात. ताशी ८०० च्या वेगाने खरं तर तासाभरात पोचायला हवं. पण तिकिटावरच्या वेळेत जमिनीवरचं रांगणं, चढणं-उतरणं सगळं धरलेलं असतं. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. एका वेळी एकच चालते, म्हणून विमानं आकाशात घिरट्या घालतात. आजी डोंबिवलीच्या दारात पोचेपर्यंत अकरा वाजतील. साडेसात तासांच्या प्रवासात हवेतला वेळ जेमतेम सव्वा तास!

सोनेगावला एके काळी वेगळाच मान होता. १९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या टपालसेवेत दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची विमानं मध्यरात्री इथे जमायची, टपाल आणि उतारू बदलून आपापल्या गावी परतायची. देशाच्या मध्यावर असण्याचं असं चीज झालं ते नागपूरचं. चंद्रपूरजवळ मोरव्याला धावपट्टी आहे, पण आमच्या आजींना तिचा काय उपयोग?

९.३०. पुण्याहून आनंदवन पाहायला आलेलं कुटुंब. सहाशे किलोमीटर दीड तासात आल्याने खुशीत. ‘‘दुपारून हेमलकसा करून संध्याकाळी परत येऊ ना?’’ गाडीवाला हसू दाबतो. चंद्रपूर, आष्टी, आलापल्ली करत जायचं म्हणजे मुक्कामाच्या तयारीनेच निघावं लागतं. नकाशावर बोट ठेवून अंतर मोजणाऱ्यांना जंगलातला रस्ता कळत नाही.

दुपारी १२.००. पाहुणे आनंदवनात. मोबाइलवर आजींच्या लेकाचा निरोप: पोचली. जेवण, झोप, गाडी धुणं.

रात्री ९.००. उद्या दिल्लीचं भाडं. डिसेंबरात तिकडे धुकं पडलं की इकडचं विमान तासन्‌तास लटकतं. उतारू फोन करून म्हणतो, ‘‘लेट दाखवते भाऊ, जरा उशिरानं निघू.’’

‘‘विमानानं वेळ भरून काढली तं? साडेतीनलेच येतो,’’ म्हणत गाडीवाला गजर लावतो.