किती फूट आणि किती क्युसेक

शिवाजी पार्कात वाढलेल्या माणसाला पाणी म्हणजे समुद्र. भरती केव्हा आणि ओहोटी केव्हा एवढं ठाऊक असलं की काम भागतं. नदीचं पाणी मोजायचं असतं, हे मला फोनमुळे कळलं. आमची आत्या सांगलीला. ऑगस्ट लागला की बाबा तिला ट्रंक कॉल लावायचे आणि खुशाली विचारायच्या आधी म्हणायचे, "किती?" पलीकडून उत्तर यायचं, "आयर्विनला एक्केचाळीस. चढतंय, दादा." आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. एक्केचाळीस म्हटलं की धान्याचे डबे माळ्यावर गेले असणार, हे बाबांना न सांगता कळायचं. कोल्हापूरकरांना हीच भाषा राजाराम बंधाऱ्याच्या आकड्यांत येते, तिथे इशारा ३९ ला आणि धोका ४३ ला.

आकडे नव्हते तेव्हाही माणसं पाणी मोजतच होती. नाशकात गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती हीच पूररेषा. पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, एवढं सांगितलं की गावाला पुराचा अंदाज येतो. नृसिंहवाडीला कृष्णेचं पाणी देवळात शिरून पादुकांवरून दक्षिण दारानं बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा होतो. भाविक त्या पाण्यात स्नान करतात, आणि खालच्या शिवारातला शेतकरी त्याच बातमीवरून मोटार नदीकाठावरून वर ओढतो.

मारुती काय, पादुका काय आणि आत्याचा आयर्विन पूल काय, तिघंही पाणी कुठवर आलं ते सांगतात. गेलं किती, ते सांगत नाहीत. तो दुसरा आकडा काढणाऱ्या जागेला आपल्या जलसंपदा खात्याच्या कागदात छान नाव आहे, सरितामापन केंद्र. नाव वाचून वीणा वगैरे डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात काठावर एक खोली, एक पर्जन्यमापक, नदीत पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेल्या खुणांच्या पट्ट्या, कुठे एक नाव, कुठे पुलाचा कठडा, आणि वही.

पट्टी वाचायला डोळे पुरतात. पावसाळ्यात ती तासातासाला वाचायची असते, रात्री बॅटरी मारून, पाऊस तोंडावर घेत. आयर्विनचे फूट हे स्थानिक शून्यापासूनचे, पण केंद्रीय जल आयोगाच्या केंद्रात तीच कृष्णा समुद्रसपाटीपासून किती मीटरवर आहे, असं लिहितात. हा समुद्राचा हिशेब भरती-ओहोटीच्या नोंदींवरून येतो, आणि मुंबईत अपोलो बंदराला अशा नोंदी १८७८ पासून आहेत. नदी बंगालच्या उपसागराला जाते म्हणून काय झालं, शून्याशी आमच्या बाजूचंही थोडं नातं आहे.

खरं कसब सकाळी आठला सुरू होतं. नदीची रुंदी पंधरा-वीस, कधी पंचवीस पट्ट्यांत वाटायची. प्रत्येक ठिकाणी खोली घ्यायची आणि वेग घ्यायचा. रुंदी, खोली आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे त्या पट्टीतला विसर्ग, आणि सगळ्या पट्ट्यांची बेरीज म्हणजे नदी. तिसरीच्या मुलाला जमेल असं गणित, पण ते वाहत्या पाण्यावर उभं राहून करायचं असतं.

वेगासाठी करंट मीटर. उभ्या आसाभोवती फिरणाऱ्या सहा शंकूसारख्या वाट्या, खाली शिशाचा जड मासा, म्हणजे प्रवाहात दोर तिरका होऊ नये आणि मीटरचं तोंड प्रवाहाकडे राहावं. हा घाट मिसिसिपीवर काम करणाऱ्या विल्यम प्राइस नावाच्या अभियंत्यानं १८८० च्या दशकात बसवला, तो आजही थोड्याफार फरकानं चालतो. पाणी तळाशी रेंगाळतं आणि वर धावतं. सरासरी वेग वरून मोजत गेलं तर साधारण सहा दशांश खोलीवर सापडतो, म्हणून मीटर तिथे थांबवायचा. पात्र खोल असेल तर दोन दशांशावर आणि आठ दशांशावर असे दोन वेग घेऊन सरासरी काढायची. वाट्या फिरल्या की कानातल्या हेडफोनमध्ये टिकटिक होते. एका हातात स्टॉपवॉच, कानात टिकटिक, शेजारी खलाशी नाव धरून. डोळे मिटून नदी ऐकणारा सरकारी नोकर मला तरी दुसऱ्या खात्यात आढळला नाही.

टिकटिकीचा वेग करायचा तर प्रत्येक मीटरचं स्वतःचं समीकरण लागतं, आणि ते वर्षांच्या वापरानं बदलतं. ते नव्यानं काढण्याची सोय पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात आहे. १९१६ पासूनची ही संस्था. तिथे लांबलचक हौदात पाणी अगदी स्थिर ठेवतात आणि रुळांवरच्या ट्रॉलीला लटकवलेला मीटर ठरलेल्या वेगानं ओढत नेतात. नदी थांबलेली, मीटर वाहतोय!

रोज नाव घालता येत नाही, रात्री तर नाहीच. म्हणून वर्षानुवर्षं मोजलेल्या पातळ्या एका अक्षावर, त्या त्या वेळचे विसर्ग दुसऱ्यावर, आणि ठिपक्यांतून एक वक्र. एकदा तो बसला की पट्टी वाचायची आणि वक्रावरून क्युसेक काढायचे. वर्तमानपत्रात आपण जे विसर्गाचे आकडे वाचतो, त्यातले नदीचे बरेचसे आकडे असे वक्रावरून उतरलेले असतात. मात्र वक्र सर्वांत लुळा पडतो तो ऐन पुरात. तेव्हा ओंडके, छपरं, मेलेली जनावरं वाहत येतात आणि मीटर खाली सोडायची सोय नसते. मग तरंगती वस्तू दोन खुणांमधलं अंतर किती सेकंदांत कापते ते बघायचं आणि पृष्ठभागाच्या त्या वेगाला ०.८५ च्या आसपासच्या अंकानं गुणायचं. तेही जमलं नाही तर वक्र हातानं वर ओढायचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनला पाणी ५७ फुटांवर गेलं. एवढ्या उंचीवर वक्राला आधार देणारे ठिपके कुठल्याही केंद्राकडे मोजकेच असणार. कोयनेतून किती आणि अलमट्टीतून किती, हा आपला दरवर्षीचा वाद त्या विरळ ठिपक्यांच्या प्रदेशात रंगतो, आणि दोन्ही बाजूंना आकडा दशकापर्यंत अचूक हवा असतो.

आता पुलाखाली रडार लावतात आणि पातळी उपग्रहावरून थेट येते. कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत जलविज्ञान प्रकल्पातून असं जाळं उभं राहिलं. रात्रीची बॅटरी सुटली, हे उत्तमच झालं. पण रडारलाही दिसते ती उंचीच. पात्रात वाळू साचली किंवा उपसली की वक्र खोटा पडतो, आणि तो खरा करायला पुन्हा कुणाला तरी मासा घेऊन पाण्यात जावं लागतं.

या वह्यांची किंमत बच्छावत लवादात दिसली. कृष्णेचं पाणी तीन राज्यांत वाटायचं तर मुळात पाणी किती, हे ठरायला हवं. आधार मिळाला विजयवाड्याच्या बंधाऱ्यावरच्या १८९४-९५ ते १९७१-७२ अशा ७८ वर्षांच्या मालिकेचा. शंभरातल्या ७५ वर्षी हमखास मिळेल असं पाणी निघालं २०६० टीएमसी, आणि महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातलं ५६० आलं. रोज सकाळी पट्टी वाचणाऱ्या त्या माणसांची नावं निवाड्यामागे कुठेतरी दबून गेली.

हे आकडे आमच्या भागात उतरवून पाहायचा मला नाद आहे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर, मोठ्या दोन बादल्या. शिवाजी पार्कचं मैदान सुमारे २८ एकर. त्याच्या कडेनं भिंत घालून एक लाख क्युसेक आत सोडले, तर अर्ध्या मिनिटात यष्ट्या बुडतील. साडेतीन मिनिटांचं षटक संपेपर्यंत पाणी सव्वापाच मीटर चढलेलं असेल. एक टीएमसी म्हणजे ११,५७४ क्युसेकचा प्रवाह चोवीस तास. तेवढं त्या भिंतीत साठवायचं तर ती २५० मीटर उंच लागेल.

आमची स्वतःची नदीही फार लांब नाही. विहार-पवईच्या सांडव्यापासून निघालेली मिठी माहीमला समुद्राला मिळते, पार्काच्या उत्तरेला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा मुंबईकराला तोंडपाठ आहे. त्या दिवशी मिठीतून किती क्युसेक गेले, असं कट्ट्यावर विचारून पाहा. आता कुर्ल्याच्या क्रांतीनगरात पाणी चढू लागलं की पातळी मीटरमध्ये बातम्यांत येते आणि पालिका माणसं शाळेत हलवते. तिथे उंचीचंच काम आहे आणि ती पुरते. विसर्ग मात्र मुखाजवळ वक्रानं निघतच नाही. लेडी जमशेटजींच्या देणगीतून झालेल्या माहीमच्या कॉजवेपाशी पाणी दिवसातून दोनदा आत येतं आणि दोनदा बाहेर जातं. पट्टीवर तोच आकडा असताना नदी समुद्राकडे जात असेल, किंवा समुद्र धारावीकडे. तिथे ध्वनिलहरींनी प्रत्यक्ष वेग आणि दिशा दोन्ही मोजणारं यंत्रच हवं.

किंवा नारळ. नारळ जवळजवळ पूर्ण बुडून तरंगतो, त्याला वारा फारसा लागत नाही, त्यामुळे मोजमाप करणाऱ्यांना तो पसंत असतो. नारळी पौर्णिमेला मुंबईची मोठी भरती दुपारी बारा-साडेबाराच्या सुमाराला असते. पाऊस उघडा असेल तर सकाळी दहाला खाडीच्या तोंडाशी टाकलेला नारळ आत जाईल, संध्याकाळी चारला टाकलेला समुद्राकडे. मधे भर दुपारी, पाणी दिवसातल्या सर्वांत वरच्या खुणेला टेकलेलं असताना, तो काही वेळ जागच्या जागी डुलत राहील.